न हललेली बाई

१

समीक्षाच्या बारावीसाठी आम्ही दोघी मायलेकी लातूरला राहायला गेलो. मी सरकारी दवाखान्यात नर्स. देगलूरहून बदली मागून घेतली होती. माझे मिस्टर आनंदराज बिलोली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होते, ते तिकडंच राहिले आणि दर शनिवारी एसटीनं यायचे.

आमची खोली क्लासेसच्या रस्त्याला होती, शांतम्माच्या घरावर, पहिल्या मजल्याला. शांतम्मा मूळच्या उदगीरकडच्या, बोलण्यात मध्येच कानडी यायचं. त्या रस्त्यावर आमच्यासारख्या पुष्कळ आया होत्या. गाव, नवरा, घर मागं ठेवून एका खोलीत गॅस मांडायचा, लेकराचा डबा भरायचा आणि ते घोकत बसलं की आवाज न करता भांडी घासायची. संध्याकाळी क्लास सुटले की मुलं, सायकली, स्कूट्या, रिक्षा असा रस्ता नुसता वाहायचा.

माझी ड्युटी दुपारनंतर संपायची आणि समीक्षा अंधार पडल्यावर घरी यायची. मधला वेळ मला खायला उठायचा. आनंदराजांना ते कळलं असावं. एका शनिवारी ते नांदेडहून कॅमेरा घेऊनच आले, चांगला डिजिटल. म्हणाले, समूचे लहानपणीचे सगळे फोटो स्टुडिओतले, मागं तोच धबधब्याचा पडदा. आता तू शीक आणि तू काढ.

समीक्षा आमच्या पोटची नाही. हे तिला कळायला लागल्यापासून माहीत आहे. भूकंप झाला तेव्हा मी नवीनच नोकरीला लागले होते आणि आमची ड्युटी लातूरला लावली होती. गणपती बोळवून लोक झोपले आणि पहाटे गावंच्या गावं खाली बसली. दोन-तीन दिवसांनी एका माणसानं दीडेक वर्षाची पोर आणून माझ्या हातात दिली. तिच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. तो म्हणाला, "हिची माय वर ओणवी होती, छपरावानी. काढताना लई जड गेलं. बाई हलंनाच." तो माणूस पुन्हा दिसला नाही. पोरीचं दुसरं कुणी आलं नाही. तिच्या आईचं नाव कळलं नाही, फोटो तर कुठला असणार. आम्ही कोर्टामार्फत रीतसर तिला घरी आणलं, आणि त्या दिवसापासून ती आमची आहे.

२

गंजगोलाईजवळ अमृतरावांचा फोटो स्टुडिओ होता. रोलचे दिवस संपले तसं त्यांचं काम कमी झालं आणि त्यांनी रविवारी सकाळी गच्चीवर फोटोग्राफीचा क्लास सुरू केला. लातुरात क्लास म्हटलं की कशालाही माणूस येतो, असं ते स्वतःच हसून म्हणायचे. आम्ही मोजकेच विद्यार्थी होतो. लग्नाच्या शूटिंगची कामं घेणारी दोन पोरं, एक रिटायर झालेले वकील आणि मी.

अ‍ॅपर्चर मला पहिल्याच दिवशी कळलं. पेशंटच्या डोळ्यात बॅटरी मारली की बाहुली बारीक होते, तेच ते. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद, वाढवला की फोटो रवाळ होतो, हेही कळलं. शटर मात्र डोक्यात बसेना. मग अमृतरावांनी गच्चीचं दार उघडझाप करून दाखवलं. दार पटकन लावलं तर पळणारा माणूस जागच्या जागी सापडतो. दार उघडंच ठेवलं तर पळणारा निघून जातो, आणि फोटोत फक्त थांबलेलं राहतं.

वकिलांनी विचारलं, माणूस अगदी खांबासारखा उभा राहिला तर? अमृतराव म्हणाले, जिवंत माणूस कधीच पुरता थांबत नाही. श्वास चालू असतो, तोल सावरणं चालू असतं. कडा जराशी पुसट येणारच. कडक येते ती भिंत, खांब, बंद टपरी.

मग त्यांनी घरचा अभ्यास दिला. गर्दीचा रस्ता, संध्याकाळची वेळ, कॅमेरा स्टँडवर, शटर काही सेकंद उघडं.

माझ्या गॅलरीखाली तर लातूरचा सगळ्यात गर्दीचा रस्ता होता.

३

दिवे लागायच्या सुमाराला मी गॅलरीत स्टँड लावला. समोर तिरकं, जरा लांब, समीक्षाच्या क्लासचं गेट दिसत होतं. बॅच सुटली आणि रस्ता भरला. मी बटण दाबलं. खट असा आवाज झाला, मग काहीच नाही, मग परत खट.

छोट्या स्क्रीनवर फोटो आला आणि मी हरखूनच गेले. माणसांचा धूर झाला होता. शेकडो पोरं गेलेली आणि रस्त्यावर नुसतं धुकं, त्यात रिक्षांच्या दिव्यांच्या लाल-पिवळ्या रेघा. आणि त्या धुक्यात एक बाई उभी होती. तिची पाठ माझ्याकडे, तोंड क्लासच्या गेटकडे. केस सुटलेले, पाय अनवाणी, कमरेत जराशी वाकलेली.

मला वाटलं, कुणाची तरी आई असेल. आम्ही सगळ्या अशाच उभ्या राहायचो त्या गेटकडे बघत.

रविवारी अमृतरावांनी तो फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून सगळ्यांना दाखवला. म्हणाले, मॅडम, या बाईनं तुमचा फोटो केला. एवढा पळापळीचा रस्ता, आणि ही एकटी थांबलीय. मी खुशीत घरी आले. समीक्षालाही दाखवला. तिनं जेवता जेवता पाहिला, "मस्तंय की आई," म्हणाली आणि हात धुवायला गेली.

भांडी घासताना माझ्या लक्षात आलं. बाई रस्त्याच्या कडेला नव्हती. ती मधोमध होती. दिव्यांच्या रेघा तिच्या अलीकडून आणि पलीकडून सरळ गेल्या होत्या, कुठंही वळलेल्या नव्हत्या. त्या वेळी तिथं कुणी उभं राहिलं असतं तर पहिल्याच स्कूटीनं धडक दिली असती, किंवा निदान शिव्या तरी ऐकू आल्या असत्या.

मी साबणाचे हात पुसले आणि फोटो परत बघितला. तिच्या कडा कुठंच पुसट नव्हत्या. तिच्यामागच्या विजेच्या खांबाइतकीच ती कडक आली होती.

४

आमच्या घरात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली बावीस प्रतिज्ञा लावलेल्या आहेत. भुताखेताचं बोलणं माझ्या वडलांनी कधी घरात येऊ दिलं नाही, मी दवाखान्यात येऊ दिलं नाही. त्यामुळं मी सरळ तपासाला लागले.

दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तीच जागा. ती होती. लगेच शटर पटकन मिटेल असं ठेवून फोटो काढला. त्यात नुसती पोरं, चप्पल तुटलेला एक मुलगा, ऊस खाणारी एक मुलगी, सगळी जागच्या जागी सापडलेली. ती नव्हती. कॅमेऱ्यावरून नजर काढून रस्त्याच्या त्या जागेकडे टक लावून बघितलं. तिथून माणसं जात होती आणि येत होती.

मी अमृतरावांना म्हटलं, आत धूळ गेली असेल का? त्यांनी कॅमेरा पुसला, तपासला आणि म्हणाले, धुळीनं ठिपका येतो मॅडम, बाई येत न्हाई. एखाद्या फ्लेक्सवरच्या चित्राचं प्रतिबिंब असेल, काचेतून पडलेलं. मला ते पटलं. निदान पटवून घेता आलं. त्यांच्या गच्चीवरून काढलेल्या फोटोंत काही नव्हतं, म्हणजे कॅमेरा ठीक होता.

शनिवारी आनंदराज आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. सायन्सचे शिक्षक आहेत ते. म्हणाले, प्रयोग करू. ते खाली गेले आणि बॅच सुटायच्या वेळी बरोबर त्या जागेवर जाऊन उभे राहिले. रिक्षावाले हॉर्न मारत होते, पोरं वळसा घालून जात होती, आणि हे मास्तर हात खाली सोडून कवायतीतल्यासारखे उभे. मला गॅलरीत हसू येत होतं. मी बटण दाबलं.

फोटोत ते होते. चेहरा ओळखू येत होता, कडा जराशा सुटलेल्या, अमृतराव म्हणाले होते तशा. आणि त्यांच्या डाव्या अंगाला ती होती, त्यांच्या इतकी जवळ की त्यांची बोटं तिच्या पदराला लागलेली दिसत होती.

ते वर आले. मी स्क्रीन त्यांच्यापुढं धरली. त्यांनी चष्मा वर करून पुष्कळ वेळ बघितलं. मग मोरीत गेले आणि डावा हात धुऊन आले. का धुतला, ते मी विचारलं नाही.

"समूला दाखवू नको," एवढंच ते म्हणाले.

५

मी थांबायला हवं होतं. पण माझं काम असं आहे की ताप उतरला की चढला, हे बघितल्याशिवाय मला झोप येत नाही.

पुढच्या फोटोत ती वळली होती. गेटकडं पाठ आणि तोंड आमच्या घराच्या दिशेनं. केस पुढं आलेले, त्यामुळं चेहरा दिसत नव्हता. त्याच्या पुढच्या फोटोत समोरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी. मग आमच्या फाटकापाशी. समीक्षा क्लासवरून घरी येण्याचा रस्ता होता तो. ती जणू पोरीच्या मागं मागं चालत होती, फक्त चालताना कधी सापडत नव्हती. सापडायची ती थांबलेलीच.

फाटकाचा फोटो बघितल्यावर मी कॅमेरा कपाटात कपड्यांखाली ठेवून दिला. जिन्याचा फोटो मला नको होता.

त्याच दिवसांत समीक्षा वाळत चालली. डबा अर्धा परत यायचा. डोकं दुखतं म्हणायची, वाचता वाचता डोळे मिटायची. शांतम्माही एकदा जिन्यात थांबवून म्हणाल्या, "अक्का, पोरगी लई वाळली की हो. क्लासचं टेन्शन घेऊन राहिली काय?" मी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन कमी होतं. गोळ्या चालू केल्या, बीट खायला घातलं, रात्री केसांना तेल लावून दिलं. बारावीच्या मुलींचं असं होतंच, गल्लीतल्या प्रत्येक आईकडं हीच तक्रार होती. हे सगळं मी स्वतःला सांगत होते. आणि त्याच वेळी मनात येत होतं, ती जवळ येऊन राहिलीय आणि ही कमी होऊन राहिलीय.

समीक्षा दुपारी जेवून थोडी झोपायची आणि मग संध्याकाळच्या बॅचला जायची. एकदा मी ड्युटीवरून आले तर ती नुकती उठून दप्तर भरत होती. चेहरा ताजा होता. म्हणाली, आज लई दिवसांनी गाढ झोप लागली. मग हसून म्हणाली, "तू थोपटत होतीस ना. लहान असल्यासारखं."

मी तेव्हाच दारातून आत आले होते. पायात अजून चपला होत्या.

"हाव," मी म्हणाले.

६

त्या संध्याकाळी मी कॅमेरा परत काढला. न बघता त्या खोलीत राहणं मला जास्त जड जात होतं. स्वयंपाक करताना पाठ भिंतीला लावून उभी राहायची सवय लागली होती.

समीक्षा क्लासवरून आली, जेवली आणि टेबलाशी वाचायला बसली. मी दाराजवळ स्टँड लावला.

"फोटो काढून राहिलीस का?" तिनं पुस्तकातून डोकं न काढता विचारलं.

"प्रॅक्टिस करून राहिले. तू वाच."

पाठ करताना ती पुढं-मागं झुलते, लहानपणापासूनची सवय आहे. ट्यूबलाइट चालू होती. खाली शांतम्माच्या कुकरची शिट्टी झाली. मी बटण दाबलं. पहिलं खट झालं आणि मग ती शांतता सुरू झाली, जिच्यात शटर उघडं असतं. पंखा फिरत होता, समीक्षा पुटपुटत होती. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी एकेक कोपरा बघून घेतला. कपाट, खाट, पाण्याचा माठ, दोरीवरचे कपडे. दुसरं खट झालं.

फोटोत समीक्षा जवळजवळ नव्हतीच. झुलल्यामुळं तिचा धूर झाला होता, तिच्यातून खुर्चीची पाठ दिसत होती. आणि तिच्यावर ती बाई ओणवी झाली होती. दोन्ही हात टेबलावर दोन बाजूंना रोवलेले, पाठ कमानीसारखी वर, सुटलेले केस पुढं लोंबलेले. तिचा स्पर्श पोरीला कुठंच होत नव्हता. केसाइतकं अंतर ठेवून ती सगळीकडून वर होती. तिची पाठ पांढुरक्या मातीनं भरलेली होती.

मी मान वर केली. समीक्षा झुलत होती, तिच्यावर ट्यूबलाइटचा उजेड पडला होता, आणि मध्ये काही नव्हतं.

मी होते तिथंच जमिनीवर बसले. आधी मला वाटलं, ही तिला घेऊन जायला आलीय. मग त्या माणसाचं बोलणं आठवलं. बाई हलंनाच, म्हणाला होता तो. मला तेव्हा वाटलं होतं, मेलेलं माणूस कसं हलेल. आता वाटलं, ती त्याच्या आधीपासूनच हलली नसेल. वरचे दगड अंगावर घेऊन, पोरीवर काही पडू नये म्हणून, जीव होता तोवरही नाही आणि गेल्यावरही नाही. रस्त्यावरसुद्धा ती जराशी वाकूनच उभी होती, ते मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं.

भीती गेली नाही. पण तिच्याशी बोलायला हवं, हे मला त्या जमिनीवर बसल्या बसल्या कळलं.

७

पुढच्या सुट्टीच्या दिवशी समीक्षा दुपारच्या टेस्टला गेली. मी खोली झाडली, खाटेवर धुतलेली चादर घातली, दोन कप चहा केला. नंतर माझंच मला कसंतरी झालं म्हणून एक कप मीच पिऊन टाकला. स्टँड खाटेसमोर लावला, शटर जास्तीत जास्त वेळ उघडं राहील असं केलं आणि खाटेच्या एका टोकाला बसले.

दवाखान्यात ड्युटी बदलताना आम्ही पुढच्या नर्सला प्रत्येक पेशंटचं सांगतो. झोप कशी आहे, खाल्लं काय, कशाची अ‍ॅलर्जी. मला दुसरं बोलणं येत नव्हतं, म्हणून तसंच बोलले.

"ताई, बसा," मी रिकाम्या खाटेला म्हणाले. "पोरीचं सांगते."

मी सांगितलं की तिला गोवर आला तेव्हा ती आनंदराजांच्या खांद्यावरून उतरायला तयार नव्हती. भाकरीचा पापुद्रा आधी खाते आणि खालचं तसंच ठेवते. मेथी आवडत नाही. पावसाला, अंधाराला भीत नाही, पण खालून ट्रक गेला आणि खिडकी हलली की झोपेतून उठून बसते. रडताना आवाज करत नाही, नाकावर बोट दाबून धरते, म्हणून तिच्या बोटाकडं लक्ष ठेवावं लागतं. डॉक्टर व्हायचंय. होईल बहुतेक. देगलूरच्या शाळेत तिला जयंतीच्या कार्यक्रमात भाषण करायला लावलं तेव्हा ती मध्येच विसरली आणि स्वतःच हसत सुटली, सगळी शाळा हसली. हे सांगताना मीही हसले.

मग मी बटण दाबायच्या रिमोटवर अंगठा ठेवला आणि ज्यासाठी बसले होते ते बोलले.

"तुमची आहे, हे मला माहीत हाय. पण तिला माझ्यापाशी राहू द्याल ना?"

खट झालं. मी श्वास रोखून बसले. खाटेच्या त्या टोकाची चादर सपाट होती, एकही सुरकुती नव्हती. खाली शांतम्मा कुणाला तरी हाक मारत होत्या. कितीतरी वेळानं दुसरं खट झालं.

फोटोत ती बसली होती. पहिल्यांदाच ताठ, हात मांडीवर, पाय खाली सोडून, पाहुणी बसते तशी. साडीचा काठ, बोटं, पायाच्या टाचा सगळं स्पष्ट होतं. फक्त चेहरा पुसला होता. तेवढा एक हलला होता. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडं ओढल्यासारखा.

तिनं मान हलवली होती.

मी फोटो मोठा करून करून बघितला. मान आडवी हलली होती. आपल्याकडं नाही म्हणताना मान अशी हलते. आणि कुणी मायेनं काही विचारलं, घेऊ का, ठेवू का, राहू दे का, की हो म्हणतानाही अशीच हलते.

८

मी किती वेळ त्या फोटोकडे बघत बसले होते कोण जाणे. समीक्षा कधी आली ते कळलंच नाही. माझ्या मागं उभी राहून ती स्क्रीनकडं बघत होती. मी कॅमेरा लपवायला गेले तर तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला, अगदी हलक्यानं, आणि कॅमेरा काढून घेतला.

तिनं सगळे फोटो मागं मागं जात बघितले. टेबलाचा, फाटकाचा, झेरॉक्सच्या दुकानाचा, पप्पा शेजारी उभे असलेला. घाबरेल म्हणून मी तिचा हात धरायला तयार होते. तिनं नाकावर बोट दाबून धरलं. मी तिला जवळ घेतलं.

मग ती म्हणाली, "आई, आपला तिघींचा एक काढ ना."

मला नाही म्हणायचं होतं. पण त्या पोरीनं माझ्याजवळ फार काही कधी मागितलं नव्हतं.

मी शटर लावलं, टायमर लावला आणि खाटेवर जाऊन बसले. समीक्षा मध्ये सरकली. तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भिंतीपर्यंत मोकळी चादर. टायमरचा लाल दिवा लुकलुकत होता. "हलू नको हं," समीक्षा हळूच म्हणाली. मला वाटलं मला म्हणाली, पण तिचं तोंड भिंतीकडं होतं.

खट झालं. आम्ही बसून राहिलो. नर्सला दुसऱ्याचा श्वास ऐकायची सवय असते, न ठरवताच कान तिकडं जातो. माझा श्वास भरभर चालला होता. समीक्षाचा जरा शांत. आणि त्यांच्या पलीकडं एक होता, सावकाश, जड काम करून शेवटी बसलेल्या माणसाचा.

दुसरं खट झालं तशी समीक्षा उठली आणि कॅमेऱ्यापाशी गेली. माझ्याकडं पाठ करून वाकली. तिचे खांदे जरा हलले. ती हसत होती की रडत होती, मला मागून कळलं नाही.

"आई," ती म्हणाली, "माझं नाक हिच्यावर गेलंय."

तिनं कॅमेरा माझ्यासमोर धरला. मी फार वेळ बघू शकले नाही. पण नाक समूचंच होतं.

९

त्यानंतर रस्त्यावर, गॅलरीत, खोलीत कितीही वेळ शटर उघडं ठेवलं तरी फोटोत कुणी आलं नाही. समीक्षाची भूक परतली. बारावीत चांगले मार्क पडले आणि नांदेडला मेडिकलला नंबर लागला. आम्ही शांतम्माची खोली सोडली. निघताना त्यांनी पोरीला पोटाशी धरून पुष्कळ कानडी आशीर्वाद दिले. मी देगलूरला परतले. मी अजून फोटो काढते. वॉर्डातल्या नवीन बाळांचे फोटो तर मीच काढून देते, त्यांच्या आयांना.

समीक्षा आता डॉक्टर आहे, नांदेडलाच. तिचं दवाखान्याजवळ छोटं घर आहे, एकटीच राहते. तो तिघींचा फोटो तिच्याकडं आहे. आम्ही गेलो तर भिंतीवर कुठं दिसत नाही, आणि आनंदराजही विचारत नाहीत. घर नीट ठेवते. कपाटात आम्हा दोघांचे कपडे मावतील एवढी जागा तिनं रिकामी ठेवलीय. लागेल कधीतरी, म्हणते.

रोज संध्याकाळी ती मला फोन करते. दिवसभराच्या केसेस सांगते, कोण वाचलं, कोण गेलं, सिनियर काय बोलले. मी ऐकते. मध्येच कधी ती फोनपासून तोंड बाजूला करून "थांब की गं, आले," असं म्हणते आणि परत माझ्याशी बोलायला लागते. ट्रक गेला तर खिडकी हलल्याचा आवाज मला इकडं येतो. ती आता दचकत नाही.

शेवटी मी विचारते, तेच विचारते जे प्रत्येक आई विचारते.

"जेवलीस का गं?"

"जेवले" असं ती म्हणत नाही.

"जेवलो की," ती म्हणते. "कधीच जेवलो आम्ही."